चिरलेल्या नळीचा जबाब

प्रथम तारखा. गाव ज्या पंचांगाने चालत होते, त्याच पंचांगाने त्या देतो; कारण सरकारी तारखा ज्या नस्तीत, म्हणजे फायलीत, होत्या, ती नस्ती सरकारला सापडत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दुसरे वर्ष, ज्येष्ठातला दुसरा सोमवार: आजच्या रिसोड तालुक्यातील एका गावी कॉलऱ्याची लस टोचण्यात आली. त्याच आठवड्यातला गुरुवार: गावातील चौदा माणसांचे दंड सुजून लाल झाले. पुढचा बुधवार: त्या चौदांतील एक वृद्धा मरण पावली. त्यानंतरचा शुक्रवार: चावडीवर चौकशी बसली आणि जेवणाच्या वेळेआधी उठली. आषाढ अमावास्या: कौसल्याबाई नावाच्या स्त्री परिचराला कामावरून कमी केल्याचा हुकूम आला.

आता जबाबदार इसम. नावे लिहीत नाही. माणसे मरतात, पदे मरत नाहीत. म्हणून पदे लिहितो. पहिले, त्या सोमवारी जीपमधून आलेले आरोग्य खात्याचे अधिकारी. दुसरे, गावचे पोलीस पाटील. तिसरे, चौकशी अधिकारी, ज्यांनी सुया उकळण्याचा डबा उघडूनही पाहिला नाही. चौथे, ते कार्यालय, जे माझ्या बावीस पत्रांना एकाच वाक्याचे उत्तर देत आले आहे. पाचवा, प्रत्यक्ष लस टोचणारा कर्मचारी. हा पाचवा इसम मी आहे.

दिवाळी अंकात असा मजकूर वाचण्याची वाचकांना सवय नसेल. संपादकांनी मला ‘नोकरीतील गमतीजमती’ लिहिण्यास सांगितले होते. गमती होत्या, आणि त्यांतील एकदोन मी सांगणारही आहे. परंतु ज्या कामाच्या गमती सांगायच्या, ते काम काय होते हे आजच्या वाचकाला ठाऊक नाही. ते कळल्याशिवाय पुढील प्रकरणात गुन्हा कोठे घडला हेही कळणार नाही.

मी नोकरीस लागलो तो देवीची लस टोचणारा म्हणून. देवी हटत चालल्या तसे आम्हांला इतर कामे मिळाली आणि आमच्या हाती काचेच्या पिचकाऱ्या आल्या. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघून एसटीने, मग सायकलने, मग पायी, अशी आमची वाटचाल असे. पाठीवर बर्फाचा थर्मास, त्यात लसीच्या बाटल्या. हातात पितळी स्टोव्ह, रॉकेलची बाटली, आणि तो डबा.

हा डबा म्हणजे आमचे सर्वस्व होते. लांबट, झाकणाचा, आत जाळीचे ताट. त्यात सहा काचेच्या नळ्या, त्यांचे सहा दट्टे आणि दोन डझन सुया. प्रत्येक नळीवर आकडा कोरलेला असे आणि तोच आकडा तिच्या दट्ट्यावर. तीन नंबरच्या नळीत पाच नंबरचा दट्ट्या घातला तर औषध मागून गळते किंवा दट्ट्या अडकून बसतो. नळी आणि दट्ट्या वेगळे करूनच उकळायचे. पाण्याला उकळी फुटल्यापासून घड्याळाची वीस मिनिटे मोजायची. त्यानंतर झाकण न उघडता डबा कलता करून पाणी ओतून द्यायचे आणि डबा तसाच बंद ठेवून आपोआप निवू द्यायचा. चिमट्याखेरीज आत काही जाता कामा नये. एका माणसाला एक सुई. चोवीस माणसे झाली की पुन्हा उकळणे.

सुई बोथट झाली म्हणून फेकून देण्याची चैन आम्हांला नव्हती. रिसोडला एक सोनार होता, तो आमच्या सुयांना बारीक दगडावर धार लावून देई. धार लावलेली सुई मी कापसातून ओढून पाही. टोकाला कापसाचा तंतू अडकला तर त्या सुईला कुसळ आहे. ती सुई बाद. माणसाच्या दंडात जाण्याआधी प्रत्येक सुईने कापसाची परीक्षा दिलेली असे, हे मी आजही अभिमानाने सांगतो. दंड स्पिरिटने पुसायचा आणि स्पिरिट वाळू द्यायचे. सुई गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचा. नळीत रक्त दिसले तर सुई शिरेत आहे, बाहेर घ्यायची. टोचून झाल्यावर माणसाला अर्धा तास समोर बसवून ठेवायचे. त्याला घेरी आली, अंगावर गांधी उठल्या, तर आपण तेथे असले पाहिजे.

रिसोडच्या बाजारातले एक मुसलमान शिंपी दर उन्हाळ्यात स्वतःहून येत आणि डावा दंड पुढे करीत. ‘डाक्टरसाब, सीधा हात रहने दो. इसपे कैंची का हक पहिला.’ मी डॉक्टर नाही, असे मी त्यांना दर वर्षी सांगत असे आणि दर वर्षी ते म्हणत, ‘सुई तो डाक्टर की है ना.’ एका गावी आखाड्यातला पहिलवान रांगेत शेवटी उभा राहिला, सगळ्यांना धीर देत राहिला, आणि स्वतःची पाळी येताच सुई पाहून माझ्या पायाशी आडवा झाला. त्या गावात नंतर दोन वर्षे मला कोणी घाबरले नाही; लहान पोरेसुद्धा म्हणत, आमी का पहिलवान हावो का, पडाले.

कौसल्याबाई आमच्या केंद्रात परिचर होत्या. वयाने माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या, बौद्ध समाजाच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. डबा उकळणे हे त्यांचे काम. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते. म्हणून स्टोव्ह पेटवला की माझे मनगटी घड्याळ त्या मागून घेत आणि समोर जमिनीवर ठेवीत. वीस मिनिटे संपेपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत. मी एकदा घाईत अठराव्या मिनिटाला डब्याला हात लावला, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर चिमटा हाणला होता. ‘भाऊ, कॉलरा का तुमचं घड्याळ पाह्यते का? दोन मिन्टं थांबान तं मरसान न्हाई.’

त्या सोमवारी आम्ही सकाळी प्रथम बौद्धपुऱ्यात गेलो, कारण जुलाब-वांत्यांचे पहिले रुग्ण तेथे होते. तेथील विहिरीचे पाणी कौसल्याबाईंनी काढले, गाळले, डबा उकळला. दुपारपर्यंत पुऱ्यातील सगळे टोचून झाले. मग डबा पुन्हा भरून आम्ही गावातल्या चावडीवर आलो. गावच्या विहिरीवर कौसल्याबाईंना पाणी काढू देणार नाहीत, हे कोणी बोलून दाखवावे लागत नसे. म्हणून त्यांनी बौद्धपुऱ्यातूनच दोन कळशा पाणी डोक्यावरून आणले. चावडीच्या ओट्यावर स्टोव्ह लावला, माझे घड्याळ समोर ठेवले, वीस मिनिटे मोजली. पुढे रांग उभी राहिली होती. रांगेत सर्वांत पुढे पाटलांची आई. सत्तरीची, ताठ बाई. गाव तिला मोठीमाय म्हणे. ती पुढे उभी राहिली म्हणूनच गाव मागे उभे होते, हे मला मान्य केले पाहिजे.

तिने डब्याकडे पाहिले आणि मला विचारले, ‘बाबू, हे पानी कोन्या विहिरीचं होय?’

मी खोटे बोलू शकलो असतो. बोललो नाही. पुऱ्यातल्या विहिरीचे आहे, पण उकळलेले आहे, असे सांगितले.

‘उकळलं म्हनून विहीर थोडीच बदलते,’ मोठीमाय म्हणाली. ‘ते पानी लागेल सुई माह्या आंगात नको घालू.’ आणि ती रांगेतून बाहेर झाली. तिच्यामागे रांग पांगली. कौसल्याबाई स्टोव्हजवळ बसून होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

याच वेळी जीप आली. साहेबांना त्या दिवशी आणखी दोन गावे करायची होती. पाटलांनी त्यांना बाजूला नेऊन दोन मिनिटे बोलणे केले. साहेब परत आले ते तोडगा घेऊनच आले. गावच्या विहिरीचे पाणी आणा आणि त्या पाण्याने सुया धुऊन घ्या. उकळून तर झालेल्याच आहेत.

मी म्हणालो की गावचे पाणी आणायचे तर आणा, पण ते पुन्हा वीस मिनिटे उकळावे लागेल, रॉकेल आहे. साहेब म्हणाले, वेळ नाही. मी पुन्हा म्हणालो. साहेब म्हणाले, ‘तुम्हाला नोकरीत कायम व्हायचे आहे ना?’ तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही.

पाटलांच्या गड्याने पितळी घागर आणली. ज्येष्ठ महिना, विहिरीला तळाशी हातभर पाणी, त्या पाण्याचा रंग मी पाहिला होता. डब्याचे झाकण काढले गेले. आत सुया आणि नळ्या अजून कढत होत्या. कौसल्याबाई तेव्हा प्रथम उठल्या. ‘साहेब, काच हाय ते,’ एवढेच त्या म्हणाल्या. घागर ओतली गेली. तड, तड असे दोन आवाज झाले. कढत काचेवर थंड पाणी पडले आणि दोन नळ्यांना उभ्या चिरा गेल्या. उरलेल्या चार नळ्या आणि सगळ्या सुया त्या गढूळ पाण्यात बुडाल्या.

मोठीमाय परत आली, दंड पुढे केला. आणि मी टोचले. प्रथम तिला, मग इतरांना. दंड स्पिरिटने पुसून वाळू दिला, सुई घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त पाहिले, हे सगळे मी नियमाप्रमाणे केले. ज्या पाण्यातून ती सुई आली होती ते मात्र मी पाहिले नाही असे केले.

टोचण्याच्या कामात हात थांबवण्याचा अधिकार टोचणाऱ्याला असतो. साधन शुद्ध नाही अशी शंका आली तर काम बंद ठेवावे, असे आम्हांला प्रशिक्षणात लिहून दिले होते. तो कागद माझ्या पेटीत होता. म्हणजे कायद्याने मी असहाय नव्हतो.

गुरुवारी दंड सुजले. शनिवारी मी आणि कौसल्याबाई घरोघर फिरून गळवे उघडून धूत होतो. मोठीमायच्या ओसरीवर कौसल्याबाईंना चढू दिले नाही. मोठीमायचा ताप उतरला नाही. वाशीमच्या दवाखान्यात नेईपर्यंत विष अंगभर पसरले होते. बुधवारी तिचे प्रेत बैलगाडीतून गावात आले, तेव्हा पाटील गाडीमागे अनवाणी चालत होते. त्या माणसाचे दुःख खोटे नव्हते. त्याला कोणीतरी दोषी हवे होते, आणि साहेबांनाही हवे होते.

शुक्रवारची चौकशी मी तोंडपाठ सांगू शकतो. मला दोन प्रश्न विचारले गेले. उपकरणे उकळण्याचे काम कोणाकडे होते? परिचर बाईंकडे. ते आपण स्वतः करत होता काय? नाही. जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, मी सही केली. त्या जबाबात एकही शब्द खोटा नव्हता. घागरीबद्दल मला विचारले गेले नाही, म्हणून मी सांगितले नाही. पुढे आयुष्यभर मी कायद्याची पुस्तके चाळली ती याच एका गोष्टीसाठी: विचारले नाही म्हणून न सांगणे, याला नाव काय? पुस्तकांत त्याला निरनिराळी नावे आहेत. मला एकच पुरेसे वाटते, दगा, आणि ते पुस्तकातले नाही.

कौसल्याबाईंना विचारले, हात धुतले होते काय?

‘धुतले होते, साहेब. तीन डाव.’

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, ‘कोन्या पान्यानं?’ आणि लोक हसले. चौकशी अधिकाऱ्यांनी हसणाऱ्याला दटावले नाही. कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली, माझ्या सहीची शाई वाळते आहे का ते पाहत होतो.

हुकुमात लिहिले होते, ‘परिचराच्या अस्वच्छ हाताळणीमुळे.’ आणि साठ्याच्या नोंदवहीत, ‘दोन नळ्या परिचराच्या हातून पडून फुटल्या.’

आता पुरावा मांडतो. जो त्या शुक्रवारी कोणी मागितला नाही, आणि मी दिला नाही. सकाळी बौद्धपुऱ्यात टोचलेल्या एकाही माणसाच्या दंडाला गळू झाले नाही. दुपारी गावात टोचलेल्यांपैकी चौदा जणांना झाले. तीच लस, त्याच सुया, टोचणारा तोच, उकळणारी तीच. सकाळ आणि दुपार यांत फरक फक्त एका घागरीचा. ज्या पाण्याला अशुद्ध म्हटले गेले त्याने कोणाचे वाईट केले नाही, आणि ज्याला शुद्ध म्हटले गेले त्याने मोठीमाय गेली. दुसरी गोष्ट, हातातून पडलेल्या काचेचे तुकडे होतात. कढत काचेवर थंड पाणी पडले तर तिला उभी चीर जाते. त्या दोन नळ्यांपैकी एक मी त्याच दिवशी फडक्यात गुंडाळून ठेवली. तिचे आजही तुकडे झालेले नाहीत, तिच्यावर चार आकडा आहे, आणि टोकापासून तळापर्यंत एकच सरळ चीर आहे. मी तेव्हा जबाब दिला नाही. तिने दिला होता.

नोकरीत कायम झालो. पदोन्नतीही झाली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पहिले पत्र लिहिले. नोकरीत असताना का लिहिले नाही, हा प्रश्न वाचक विचारतील. उत्तर मी वर पाचव्या क्रमांकावर दिले आहे. अकोल्याचे कार्यालय लिहिते, जिल्हा विभागला गेल्यावर नस्ती वाशीमला पाठवली. वाशीमचे लिहिते, ‘सदर नस्ती आढळून येत नाही.’ माहितीच्या अधिकारात अर्ज केला, अपील केले, तेच वाक्य मोहरेसह परत आले. नस्ती आढळत नाही. पण त्या नस्तीतला हुकूम कौसल्याबाईंच्या सेवापुस्तकात मात्र शाबूत आहे, त्याची नक्कल मला मिळाली. ज्याचा आधार हरवला तो हुकूम अजून उभा कसा, या माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

कौसल्याबाई त्यानंतर रोजाने निंदणीला जात राहिल्या. गावातली एखादी बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री त्यांना बोलावले जाई आणि उजाडल्यावर त्यांची ओळख राहत नसे. मी त्यांच्या घरी प्रथम गेलो तो निवृत्तीनंतर. त्यांनी मला बाजेवर बसवले, चहा दिला, आणि बराच वेळ त्या सोमवाराचा विषय काढला नाही. मग त्यांनीच सांगितले की पाटील येऊन गेले होते. अगदी थकल्यावर, काठी टेकत, बौद्धपुऱ्यात, भर दुपारी, सगळ्यांदेखत. बाजेवर बसले आणि पाणी मागितले. तांब्याभर पाणी प्याले आणि रडले.

‘मंग म्या म्हनलं, पाटील, पानी पेले तं बरं केलं. आता कागद द्या. घागर तुमच्या घरची होती म्हनून लिहून द्या. तं म्हने, आता कायले बाई, माय तं गेली. पेलो ना तुह्या हातचं पानी.’ कौसल्याबाई हसल्या. ‘पानी पेला तो, भाऊ. कागद न्हाई देल्ला.’

पाटलांच्या त्या कृतीची गावात पुष्कळ स्तुती झाली. मी ती करणार नाही. तांब्याभर पाणी प्यायल्याने सेवापुस्तकातली नोंद खोडली जात नाही.

गेल्या हिवाळ्यात मी वाशीममध्ये फ्लूची लस घेतली. माझ्या वयाच्या माणसांनी ती दर वर्षी घ्यावी, असे डॉक्टरांचे म्हणणे. परिचारिकेने पाकीट माझ्यासमोर फोडले, एकदाच वापरायची सुई काढली, बाटलीवरची मुदत वाचली, ताप आहे का, पूर्वी कशाची अॅलर्जी झाली का हे विचारले, टोचले, आणि सुई तशीच टोपण न लावता सुया जमा करण्याच्या डब्यात टाकली. मग पंधरा-वीस मिनिटे बसा म्हणाली. मी तिला विचारले, बाई, कोणी पाण्याबद्दल विचारते का? तिला प्रश्न कळला नाही. तो न कळणे ऐकून मला जितके बरे वाटले तितके त्या लसीनेही वाटले नसेल.

तेथून ऑटोने कौसल्याबाईंकडे गेलो. त्या आता वाशीममध्ये मुलीकडे असतात, ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांना कमी दिसते. माझ्या दंडावरचा कापूस त्यांनी बोटांनी चाचपला.

‘सुया अजून उकळतात का, भाऊ?’

नाही, एकदा वापरली की फेकतात, म्हणून सांगितले.

‘मंग पानी कोन्या विहिरीचं, हे कोनी विचारत नसन.’ त्यांनी कापूस पुन्हा नीट दाबून बसवला. ‘मले काही नको. नोकरी नको, पेन्शन नको. माहा हात घाण होता असं कागदावर लिहेल हाय, ते खोडून द्या. मी मराच्या आंदी.’

म्हणून ही माझी मागणी, आणि ती आता पत्राने नाही. पत्रांचा खेळ बावीस वेळा झाला.

आरोग्य खात्याने त्या गावी यावे. चावडी अजून आहे, तो ओटाही आहे. सोमवार असावा, दुपार असावी, आणि लोक जमलेले असावेत. जो कोणी आज त्या पदावर आहे त्याने उभे राहून मोठ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: उकळलेल्या सुयांवर घागर ओतण्याचा हुकूम कोणी दिला, आणि ‘अस्वच्छ’ हा शब्द कोणत्या पुराव्यावर लिहिला? पुरावा नसेल तर तो शब्द तेथेच, सर्वांसमक्ष, लाल शाईने खोडावा आणि शेजारी सही करावी. चार आकड्याची नळी मी घेऊन येईन. माझा जबाब तेव्हा अपुरा होता. तो मी तेथे पूर्ण करीन, आणि त्यावर होईल ती कारवाई सोशीन.

कौसल्याबाई पहिल्या रांगेत बसतील. त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येते. आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्याने उत्तर द्या.